मोतमावली : कोंकणपट्टींतील मरियेची उपासना व दीनजन

आमच्या गांवाचें नांव पिंपळगांव रेणुकाई. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांतील हें गांव हल्लीं हिरव्या मिरचीच्या बाजारामुळें दूरवर ठाऊक झालें आहे. परंतु नांव मिरचीचें नव्हे, देवीचें आहे. 'रेणुका' या संस्कृत नांवापुढें 'आई' हा मराठी शब्द बसला आणि तो सरकारी कागदांपर्यंत जाऊन स्थिर झाला. अशा गांवीं बसून ख्रिस्ती लोकांच्या मरियामातेविषयीं लिहावें हें कोणास विचित्र वाटेल. पण या विषयाकडे आम्ही वळलों तो मार्ग आमच्या शाळेच्या वर्गांतूनच गेला, म्हणून तो प्रथम सांगणें प्राप्त आहे.

अध्यापनाच्या दिवसांत एकदां 'महामारी' या शब्दाची फोड करीत असतां आम्हीं 'मृ' धातूपासून 'मारी' व तिच्यापासून गांवकुसाबाहेरची मरीआई अशी परंपरा फळ्यावर मांडली. वर्गांत वैजापुराकडील एका ख्रिस्ती मजुराचा मुलगा होता. त्याच्याकडे वळून आम्ही सहज म्हणालों, "तुमची मरिया ती बहुधा हीच." मुलगा उभा राहिला व म्हणाला, "गुरुजी, मरीआईला आम्ही भितों. मरियामाउलीला कोणी भीत नाहीं." वर्ग हसला, आम्हींही त्यास खालीं बसविलें व धडा पुढें चालविला. त्याचें म्हणणें बरोबर होतें आणि आमचें चूक होतें, हें कबूल करावयास आम्हांस बरींच वर्षें लागलीं. पुढील विवेचन त्या कबुलीचाच एक भाग समजावा.

प्रथम शब्दाचा निकाल लावूं. 'मारी' म्हणजे सांथ, संहार. हा शब्द शुद्ध संस्कृत असून 'महामारी' हें देवीचें एक रूप म्हणून दुर्गासप्तशतींत आलें आहे. पोर्तुगीजांचें गलबत या किनाऱ्यास लागण्यापूर्वीं कित्येक शतकें तो शब्द येथें नांदत होता. उलट 'मरिया' हें हिब्रू 'मिर्याम' या नांवाचें ग्रीक-लॅटिन वळण. हिब्रू नांवाच्या व्युत्पत्तीविषयीं पंडितांत एकमत नाहीं. पण त्याचा 'मृ' धातूशीं संबंध जोडण्यास कांहींच आधार नाहीं. दोन शब्द ध्वनीनें जवळ आले, एवढेंच. ध्वनिसाम्यावरून देवतांची नातीं जुळविण्याची खोड आमच्या पिढीच्या मास्तरांत फार होती आणि आम्ही तिच्यापासून मुक्त नव्हतों.

आतां 'माउली'. मातृ – माउ – माउली अशी या शब्दाची सरळ उतरण आहे. शेवटचा 'ली' लडिवाळपणाचा. वारकऱ्यांनीं तो विठ्ठलास लावला, ज्ञानदेवांस लावला, म्हणजे ज्यांस स्त्रीदेह नाहीं त्यांसही लावला. यावरून हा शब्द नात्यापेक्षां वृत्तीचा अधिक आहे असें म्हणतां येईल. परंतु या ठिकाणीं आमच्या स्वतःच्या मताविरुद्ध जाणारा पुरावाही दिला पाहिजे. दक्षिण कोंकणांत, रेडी, सोनुर्ली इत्यादि गांवीं, 'माउली' हें ग्रामदेवतेचेंच नांव आहे. आणि देशावर पाणवठ्याच्या ज्या 'सात मावल्या' किंवा आसरा, त्यांस लोक चांगलेच भितात. तेव्हां 'माउली' म्हटलें कीं भय संपलें असा सिद्धान्त केवळ शब्दावरून करतां येणार नाहीं. तो मुलगा शब्दावरून बोलत नव्हता. तो घरीं पाहिलेलें बोलत होता.

बांदऱ्याच्या टेकडीवरील मरियेच्या देवळास कोळी लोक 'मोतमावली' म्हणतात. 'मोत' हा पोर्तुगीज 'मोंत' म्हणजे टेकडी या शब्दाचा अपभ्रंश. नोसा सेन्योरा दु मोंत, म्हणजे टेकडीवरील आमची स्वामिनी, हें मूळ बिरुद. कोळ्यांनीं त्यांतील 'मोंत' ठेवला, तोही असा कीं पुढें त्यांस त्यांत मोतीं दिसूं लागलीं. आणि 'सेन्योरा' हा शब्द टाकून दिला. या टाकून देण्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधूं इच्छितों. 'सेन्योरा' म्हणजे धनीण, यजमानीण. गोव्यांत त्याचें अक्षरशः भाषांतर झालें तें 'सायबीण'. साहेबाची ती सायबीण; ज्याच्या हातीं सत्ता त्याच्या घरची बाई. गोवेकर ख्रिस्ती भाविकांनीं पुढें त्यास 'माय' जोडून 'सायबीण माय' असें केलें, म्हणजे मालकिणीस आई करून घेतली. पण मालकीण पुढेंच राहिली. बांदऱ्याच्या कोळ्यानें मात्र भाषांतर केलेंच नाहीं. त्यानें आपल्या घरांतला शब्द काढला.

हा भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो, कारण मरियेचीं हीं दोन रूपें, राज्यकर्त्यांची स्वामिनी व दीनांची आई, या किनाऱ्यावर एकाच वेळीं उतरलीं. आल्बुकेर्कच्या नवसाची फेड म्हणून जुन्या गोव्यांत जें जपमाळेच्या मरियेचें देऊळ सोळाव्या शतकाच्या मध्यास उभें राहिलें, तें एका विजेत्याच्या कृतज्ञतेचें स्मारक आहे. इ. स. १५७१ त लेपांतोच्या समुद्रांत तुर्कांचा पराभव झाला, तेव्हां रोमच्या धर्मपीठानें त्याचें श्रेय मरियेस देऊन विजयमातेचा सण सुरू केला. आणि याच काळांत, १५६७ सालीं, गोव्याच्या साष्टी प्रांतांतील शेंकडों देवळें पाडण्यांत आलीं व कित्येक ठिकाणीं त्याच जागीं ख्रिस्ती देवळें उठलीं. त्यांत मरियेचींही होतीं. हें लपविण्याचें कारण नाहीं. ज्यांचें कुलदैवत मांडवीपलीकडे किंवा जुवारीपलीकडे पळवून न्यावें लागलें त्यांस ही मरिया दीनांची कैवारी आहे हें कोणत्या तोंडानें सांगावयाचें, हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचें उत्तर भाविकांच्या शब्दांत न शोधतां आम्हीं इतिहासांत शोधावें हें बरें.

उत्तराचा एक धागा मूळ ग्रंथांतच आहे. लूक याच्या शुभवर्तमानांत गरोदर मरिया आपल्या नातलग एलिजाबेथेस भेटावयास डोंगराळ प्रदेशांत जाते व तेथें एक स्तोत्र म्हणते, असें वर्णन आहे. लॅटिनमध्यें त्यास आरंभीच्या शब्दावरून 'माग्निफिकात' म्हणतात. बलवंतांस आसनांवरून ओढून खालीं आणणारा, हीनांस वर चढविणारा, भुकेल्यांस तृप्त करणारा व धनिकांस रिकाम्या हातीं लावणारा ईश्वर हा त्याचा विषय. याहून तिखट स्तोत्र त्या संबंध ग्रंथांत थोडींच असतील. जुन्या करारांतील शमुवेलाची आई हन्ना हिच्या गीताची छाप त्यावर स्पष्ट आहे. तेथेंही मूल नसल्यामुळें हिणवली गेलेली एक बाई बोलत आहे.

या स्तोत्रांत मरिया स्वतःविषयीं जो शब्द योजते तो ग्रीकमध्यें 'तापेइनोसिस' असा आहे. लॅटिनमध्यें त्याचें 'हुमिलितास' झालें आणि तेथून युरोपच्या भाषांत तो 'नम्रता' या सद्गुणाकडे झुकला. संस्कृत जाणणाऱ्यास हा फरक चटकन् कळेल: विनय वेगळा व दैन्य वेगळें. विनय हा गुण, तो राजासही शोभतो; दैन्य ही स्थिति, ती ज्याची त्यास भोगावी लागते. ग्रीक शब्दाचा रोख दुसऱ्याकडे आहे. मरिया मी फार विनयशील आहें असें सांगत नाहीं (स्वतःचा विनय स्वतः सांगणें हा विनयही नव्हे). माझ्यासारख्या हलक्या स्थितींतील दासीकडे देवानें पाहिलें, असें ती म्हणते. मराठी बायबलांत येथें 'दैन्यावस्था' असा शब्द आहे व तो आम्हांस लॅटिनपेक्षां मुळास जवळचा वाटतो. लूक यानेंच थोडें पुढें एक बारीक गोष्ट नोंदली आहे. मूल मंदिरांत नेलें तेव्हां आईबापांनीं पक्ष्यांच्या जोडीचा बळी दिला. मोशेच्या नियमाप्रमाणें अशा वेळीं कोंकरूं द्यावयाचें. तें परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याचीं दोन पिल्लें. मरियेच्या घरच्या सांपत्तिक स्थितीचा याहून चांगला कागद हवा कशास?

हें स्तोत्र या किनाऱ्यावर कोणाच्या कानीं गेलें, तेंही पाहिलें पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ त गोव्यास आला व १६१९ त तेथेंच वारला. त्याचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ त पुन्हां निघालें. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं, हें संग्राहकांस सांगावयास नको. सुमारें अकरा हजार ओव्या, पैलें पुराण व दुसरें पुराण असे दोन भाग, आणि अध्यायास 'अवस्वरु' असें नांव. देवनागरी खिळे नसल्यानें मराठी रोमन लिपींत छापावी लागली. नागरी खिळ्यांसाठीं त्यानें १६०८ सालीं रोमला लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. दुसऱ्या पुराणांत मरियेचें चरित्र पौराणिक थाटानें येतें. ज्या भाषेंत रुक्मिणी व जानकी नांदत होत्या त्याच भाषेंत व त्याच छंदांत ही यहुदी सुताराची बायको आली, ही वाङ्मयेतिहासांतील लहान घटना नव्हे.

परंतु पुराण कोणासाठीं झालें? पुराणाच्या उपोद्घातांतच एक ब्राह्मण उठून, आमचीं जुनीं पुराणें गेलीं, त्यांच्या जागीं आम्हांस वाचावयास कांहीं द्या, अशा आशयाची मागणी करतो. म्हणजे श्रोता साष्टीचा नवख्रिस्ती उच्चवर्णीय. रविवारीं व सणावारीं हें पुराण देवळांत वाचलें जाई तेव्हां खालच्या जातींचे लोकही ऐकत असतील. पण पुढच्या बांकावर गांवकार बसत. गोव्यांतील 'कोंफ्रारी' म्हणजे उपासनामंडळ्या यांचा इतिहास ज्यांनीं चाळला आहे त्यांस ठाऊक आहे कीं, मूर्तीस खांदा कोणीं द्यावा, सण कोणीं करावा, मिरवणुकींत कोणता झगा कोणीं घालावा यांवर जातींचा हक्क होता; कांहीं गांवीं एक मंडळी गांवकारांची व दुसरी शूद्रांची अशी वाटणीच होती, आणि त्यावरून पिढ्यान् पिढ्या तंटे चालले. बलवंतांस आसनावरून उतरविणाऱ्या देवाचें गीत गाणाऱ्या बाईची मूर्ति खांद्यावर घेण्याचा मान आसनावरच्यांनींच राखून ठेवावा, यांत विनोद आहे. आमच्या देशावरील पालख्यांचे मानकरी पाहिलेल्या माणसास मात्र तो परका वाटणार नाहीं.

गोव्यांतच दुसरीही बाजू आहे. म्हापशाच्या देवळांतील 'मिलाग्र सायबीण' ही शिरगांवच्या लईराई देवीची बहीण, असें तेथील हिंदु व ख्रिस्ती दोघेही मानतात. सात बहिणींपैकीं मिराबाई ती हीच म्हणे. देवीकडून तेल सायबिणीच्या सणास यावें, सायबिणीकडून मोगऱ्याचीं फुलें देवीच्या जत्रेस जावीं, अशी देवाणघेवाण चालत आली आहे. तर्कशास्त्रानें पाहिलें तर हें दोन्ही धर्मांच्या शास्त्रांस अमान्य. पण धर्मांतरानें तुटलेलीं नातीं सामान्य लोकांनीं देवतांच्या द्वारें पुन्हां जोडलीं, ही गोष्ट कोणत्याही शास्त्र्यापेक्षां त्यांच्या शहाणपणाची साक्ष देते. १६८४ सालीं व्हाइसरॉय कोंत द आल्व्होर यानें कोंकणी भाषेविरुद्ध हुकूम काढून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याची सक्ति केली. भाषा टिकली आणि सायबिणीचें गाऱ्हाणें त्याच भाषेंत चालूं राहिलें.

आतां उत्तरेकडे वळूं, कारण आमच्या प्रश्नाचा खरा निकाल तेथें लागतो. वसई १५३४ त पोर्तुगीजांकडे गेली व मे १७३९ त चिमाजी आप्पांनीं ती जिंकली. वसईच्या पाडावाची कथा मराठी वाचकांस इतक्या वेळां सांगण्यांत आली आहे कीं आम्ही ती गाळतों. तहाच्या कलमांकडे मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. मागें राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेस धर्माचरणाची मोकळीक असावी व तीन देवळें, शहरांत एक, कसब्यांत एक व साष्टींत एक, त्यांच्याकडे राहावीं, असें त्यांत ठरलें होतें. (ही साष्टी ठाण्याकडील, स्टीफन्सची साष्टी गोव्यांतली. या दोहोंची गल्लत छापील पुस्तकांतूनही आढळते.) गोरे पाद्री बहुतेक निघून गेले. किल्ल्यांतील मोठमोठीं देवळें ओसाड पडलीं. त्यांच्या घंटा विजेत्यांनीं देवांस वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरील घंटेवर १७२१ हें साल आहे, भीमाशंकरच्या घंटेवर १७२९, आणि वाईजवळ मेणवलीस कृष्णेच्या घाटावर जी आहे तिच्यावर १७०७. मेणवलीची घंटा पंचधातूची, सुमारें साडेसहाशें किलो वजनाची, आणि तिच्या अंगावर मूल घेतलेल्या मरियेची आकृति आहे. मेणवली दफ्तराच्या लोभानें आम्हां मंडळींपैकीं कितीजण त्या घाटावर गेले असतील. नानांच्या वाड्यांतील भित्तिचित्रें पाहिलीं, कागदांची चौकशी केली आणि घंटेस हात लावून परतले. आम्हीही पहिल्या खेपेस तेंच केलें. ती आकृति कोणाची आहे हें पाहावयास दुसरी खेप लागली.

येथें विचार करण्याजोगी गोष्ट ही. मरियेची उपासना जर केवळ राज्यकर्त्यांच्या बळावर उभी असती तर १७३९ नंतर ती उत्तर कोंकणांत मावळावयास हवी होती. फिरंगी गेला, त्याचे धर्मगुरु गेले, त्याच्या घंटा शंकरापुढें टांगल्या गेल्या. मागें राहिले ते कोळी, कुणबी, भंडारी, आगरी, भातशेती व मासेमारी करणारे, ज्यांस पळून जावयास ना गलबत होतें ना गोव्यांत घर. त्यांनीं काय केलें? बांदऱ्याच्या टेकडीवरील देऊळ या मोहिमेच्या धामधुमींत पडलें होतें. तें १७६१ सालीं पुन्हां उभें राहिलें. हें साल आमच्या कानांस पानिपताचें म्हणून परिचित. पण त्या सालीं बांदरें कोणाच्या अंमलांत होतें? मराठ्यांच्या. ठाण्याची साष्टी इंग्रजांनीं घेतली ती १७७४ च्या अखेरीस. म्हणजे मोतमावलीचें देऊळ पेशवाईच्या अंमलांत, फिरंगी राजाश्रय नसतां बांधलें गेलें. १७६० च्या सुमारास आंकेतील द्यू पेरों हा फ्रेंच प्रवासी साष्टींत आला होता. तेथें ख्रिस्ती धर्म उघडपणें आचरला जात आहे, देवळें दुरुस्त होत आहेत व ठाण्यास सणाला हजारों ख्रिस्ती लोक जमले आहेत, असें त्यास दिसलें. मराठी अंमलाच्या सहिष्णुतेचा हा पुरावा म्हणून कोणी मांडील, तर आमचा आक्षेप नाहीं. आमच्या दृष्टीनें तो त्याहून दुसऱ्याच गोष्टीचा पुरावा आहे: धनीण गेली होती व आई राहिली होती.

देवळांतील मूर्तीची कथाही या निष्कर्षास जुळती आहे. जुन्या मूर्तीचा हात १७०० च्या सुमारास अरब चांच्यांनीं तोडला, असें सांगतात. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत एका कोळ्यास स्वप्न पडलें कीं समुद्रांत मूर्ति आहे, आणि ती त्यास सांपडली. देऊळ पुन्हां बांधलें तेव्हां जवळच्या सेंट अँड्र्यूच्या देवळांतील 'नावाड्यांची माता' ही मूर्ति तेथें आणून बसविली, असेंही सांगण्यांत येतें. या कथांचा मेळ सर्वस्वीं बसत नाहीं व आम्ही तो बसवीत नाहीं. स्वप्नांत देव येणें व जाळ्यांत किंवा नांगरास मूर्ति लागणें हा आपल्याकडील स्थलपुराणांचा नेहमींचा सांचा आहे. परंतु स्वप्न कोणास पडलें हें प्रत्येक कथा नेमकें सांगते. तें फिरंगी कप्तानास पडलें नाहीं, पाद्र्यासही नाहीं.

हाच प्रकार परदेशांतही दिसतो. मेक्सिकोंत १५३१ सालीं ग्वादालुपे येथें दर्शन झालें तें हुआन दिएगो या मूळ रहिवाशास, स्पेनचें राज्य येऊन दहाच वर्षें झालीं असतां. आणि बिशपानें आधीं त्याच्यावर विश्वास ठेवला नाहीं, असें कथा सांगते. लूर्द येथें १८५८ त बर्नादेत ही दरिद्री पिठगिरणीवाल्याची मुलगी. फातिमा येथें १९१७ त मेंढरें राखणारीं तीन मुलें. तमिळ देशांत वेलांकण्णीस दूध पोंचविणारा पोर व ताक विकणारा पांगळा मुलगा. दर्शन खरें कीं खोटें हा आमचा प्रांत नव्हे. साक्षीदार म्हणून परंपरेनें कोणास निवडलें, एवढेंच आम्ही पाहतों. आणि ज्यांची साक्ष कोणत्याही कचेरींत कोणी घेतली नसती असेच ते सर्व आहेत. रोमच्या धर्मपीठास या अर्थाची औपचारिक दखल घेण्यास बराच काळ लागला. पोप पॉल सहावे यांनीं १९७४ च्या पत्रांत मरिया ही पीडितांच्या बाजूनें बोलणारी स्त्री आहे असें प्रतिपादिलें व जॉन पॉल दुसरे यांनीं १९८७ त तिच्या स्तोत्राचा संबंध गरिबांविषयींच्या धर्मसभेच्या कर्तव्याशीं जोडला. लॅटिन अमेरिकेंतील मुक्तिवादी धर्मपंडितांनीं तें स्तोत्र त्यापूर्वींच हातीं घेतलें होतें.

बांदऱ्याची जत्रा ८ सप्टेंबरच्या मरियाजन्माच्या सणास लागून भरते. १८४५ त माहीमचा बांध झाला तेव्हांपासून मुंबईकरांस तेथें पायीं जातां येऊं लागलें. हल्लींची इमारत १९०४ ची असून १९५४ त तिला 'बासिलिका' ही पदवी मिळाली. तेथें मेणाचे हात, पाय, लेंकरूं, घर वाहतात. म्हणजे ज्याचें जें दुखणें त्याची प्रतिमा. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात, त्यांतलाच प्रकार. फरक इतकाच कीं मेण चांदीपेक्षां स्वस्त आहे. हिंदु, पारशी, मुसलमान सारेच येतात.

याच तिथीस मंगळुराकडील कोंकणी ख्रिस्ती लोक 'मोंती फेस्त' करतात. फरंगीपेठेच्या मोंत मारियानो देवळावरून हें नांव पडलें. म्हणजे बांदऱ्याच्या 'मोत' चें तें सख्खें भावंड. मुलें बाळ मरियेस फुलें वाहतात व भाताच्या नव्या कणसांस आशीर्वाद देऊन घरोघर नवें खातात. भाद्रपदांत आमच्या मराठवाड्यांत महालक्ष्म्या बसतात तेच हे दिवस. ज्याच्या घरीं जुनें धान्य श्रावणांतच संपलेलें असतें त्यास नव्या कणसाचा सण काय असतो हें सांगावें लागत नाहीं. टिपू सुलतानानें १७८४ त ज्यांस श्रीरंगपट्टणास कैद करून नेलें ते हेच लोक. आणि ख्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रति त्यांच्याच घरांत टिकल्या, म्हणून १९०७ सालीं जोसेफ साल्दाञ्ञ यांस मंगळुराहून पुराणाची आवृत्ति काढतां आली.

वसईकडील एक लहानसें नांव येथें नोंदण्यासारखें आहे. तेथें 'रमेदी' म्हणून गांव आहे. नोसा सेन्योरा दुश रेमेदियुश, म्हणजे औषधोपायांची स्वामिनी, हिचें तेथें देऊळ; त्या 'रेमेदियुश' चें रमेदी झालें. देवीच्या नांवानें गांव ओळखलें जावें हें रेणुकाईच्या गांवकऱ्यास नवल नव्हे. पण पोर्तुगीज शब्द मराठी जिभेवर इतका गुळगुळीत व्हावा कीं त्याचें मूळ कोणास आठवूं नये, यास लागलेला काळ व वापर किती असेल!

आमच्या भागाचें काय, असें कोणी विचारील. जालन्यास प्रथम रुजलेलें ख्रिस्ती कार्य तें स्कॉटिश प्रॉटेस्टंट मिशनचें. रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जालन्याजवळ 'बेथेल' ही वसाहत उभारली. तींत मांग-महार कुटुंबांस आसरा मिळाला. परंतु प्रॉटेस्टंट उपासनेंत मरियेच्या मूर्तीस व नवसास स्थान नाहीं. कॅथलिक कार्य औरंगाबादेच्या पश्चिमेकडील वैजापूर-गंगापूर या टापूंत पसरलें व औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत १९७७ त स्थापन झाला. आमचा तो विद्यार्थी त्या टापूंतला. त्याच्या घरच्यांनीं मरीआईचें भय पूर्वीं भोगलेलें होतें आणि मरियामाउली त्यांच्या घरीं नंतर आली. म्हणून दोघींतला भेद त्यास ठाऊक होता व आम्हांस नव्हता.

शेवटीं पोथ्यांविषयीं. ख्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत विल्यम मार्सडन यांच्या संग्रहांतून लंडन विद्यापीठाच्या पौर्वात्य अभ्याससंस्थेंत गेली. जस्टिन अ‍ॅबट यांनीं ती विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत उजेडांत आणली. तींत रोमन प्रतींतील पोर्तुगीज शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द आहेत. तीच मूळ कीं ती मागाहून केलेलें संस्करण, हा वाद मिटलेला नाहीं. १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुण्याहून नागरी आवृत्ति काढली. पुढें कारिदाद द्राग व नेल्सन फलकाव यांनीं आपापल्या आवृत्त्या सिद्ध केल्या. मरियेच्या बिरुदांचा तौलनिक कोश मात्र या प्रतींवरून कोणी केलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. रोमन प्रतींत तिला जेथें एक विशेषण आहे तेथें मार्सडन प्रतींत दुसरें असेल, तर आमच्या 'सायबीण' व 'माउली' या भेदाची एक चांगली कसोटी हातीं येईल. आणि ती आमच्या विरुद्ध गेली तरी आम्ही ती छापावी असेंच म्हणूं.

गोव्यांत देवळांच्या कपाटांतून व मंगळूर-वसईकडे जुन्या घरांच्या माळ्यांवर मराठी-कोंकणी प्रार्थनांच्या हस्तलिखित वह्या अद्याप असाव्या. त्या बहुधा रोमन अक्षरांत असल्यामुळें आपल्याकडील संग्राहक त्या परभाषेच्या समजून बाजूस सारतात. अशी एखादी वही कोणाच्या संग्रहीं असल्यास तींत मरियेस 'माउली' किंवा 'मावली' असें संबोधन कोठें येतें काय, आणि तें कोणत्या सालच्या अक्षरांत, एवढें पाहून मंडळास कळवावें. १७३९ पूर्वींचा एक जरी दाखला मिळाला तरी वरील विवेचनाचा अर्धा भाग आम्हांस पुन्हां लिहावा लागेल.